विनीचा चेहरा

विनी गार्साइडला माती दिली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ती अॅडलेडच्या बसमधून उतरली.

नोला ट्रेम्बाथ तेव्हा आपल्या सलूनच्या दारात पायपुसणं झटकत होती. बस समोर पबपाशी थांबते. आधी ड्रायव्हर डग उतरला, पण रोजच्यासारखा सामानाच्या कप्प्याकडे गेला नाही. चाकाला टेकून नुसता उभा राहिला, तोंडाचा रंग उडालेला. त्याच्या मागून विनी उतरली. तीच किंचित पुढे आलेली हनुवटी, तेच लांबट कान, आणि उतरताना आधी डावा पाय. अंगात मात्र जाड तपकिरी कोट. ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळ्याच्या तोंडचं, नोव्हेंबरचं ऊन नुसतं भाजत होतं, बार्लीच्या ट्रकांची धूळ रस्ताभर लोंबकळत होती, आणि ही बाई गळ्यापर्यंत बटणं लावून उभी.

पबच्या ओसरीत बसलेल्या एकानं ग्लास खाली ठेवला. "अरे, हिला तर आपण..." एवढं म्हणून त्यानं बाकीचं गिळलं. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता.

बाई रस्ता ओलांडून थेट नोलापुढे आली.

"माफ करा, विनिफ्रेड गार्साइडचं घर कुठं आलं?"

आवाजही तोच. फक्त पस्तीस वर्षांत विनीच्या बोलण्याला या पोर्ट मार्नी गावाचं जे पाणी लागलं होतं, ते या आवाजाला लागलेलं नव्हतं. नोलाच्या हातातलं पायपुसणं कधी गळून पडलं तिला कळलं नाही.

"तुम्ही कोण?"

"मी तिची बहीण. अॅडा. आम्ही जुळ्या." बाईनं नोलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओसरीवर उठून उभ्या राहिलेल्या माणसांकडे. "तिनं सांगितलं नव्हतं वाटतं?"

नोला पायरीवर बसली. बहीण? तीस-पस्तीस वर्षं एका कुंपणाला लागून राहिलो, एका किटलीतला चहा प्यायलो, आणि बहीण?

"ती घरी आहे का?" अॅडानं विचारलं.

उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते नोलालाच द्यावं लागलं.

*

विनी या गावात आली ती एकोणीसशे एकोणसाठ साली, नवरा आर्नल्डबरोबर, इंग्लंडातल्या हल बंदरातून. जेटीच्या टोकाशी धान्याची नवी कोठारं उभी राहत होती, तिथं आर्नल्डला काम मिळालं. दुसऱ्याच उन्हाळ्यात कोठाराच्या शिडीवर त्याच्या छातीत कळ आली आणि खाली आणेपर्यंत तो गेला. गावातल्या बायका केक घेऊन सांत्वनाला गेल्या. नोला तेव्हा नुकती लग्न होऊन शेजारी राहायला आलेली, कोपऱ्यात उभी होती. कोणीतरी म्हणालं, "आता परत जाशील ना गं, माणसांत?"

विनीनं केकचे तुकडे करता करताच सांगितलं, "तिकडे कोण बसलंय माझं?"

ती गेली नाही, आणि नुसती राहिलीही नाही. महिन्याभरात जेटीपाशी जाळी लावून अडवलेल्या पाण्यात पोरांना पोहायला शिकवू लागली. समुद्राकाठचं गाव, पण निम्म्या गावाला पोहता येत नव्हतं. तिचा एकच कायदा होता, एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. जाळीपाशी कमरेवर हात ठेवून ती ओरडायची, "तुझी जोडी कुठाय?" पोरं तिची नक्कल करायची. चर्चमध्ये, शाळेत, लग्नातसुद्धा कोणी एकटा दिसला की मागून हळूच कोणीतरी म्हणायचं, "तुझी जोडी कुठाय?"

क्लॅरी बोआस हा खेकडे पकडणारा गडी. चाळिशीला आला तरी पाण्यात गुडघ्याच्या वर जायचा नाही. विनीनं त्याला भर बाजारात गाठलं. "क्लॅरी, खेकडे पकडतोस आणि पाण्याला भितोस? एक दिवस खेकडेच तुला पकडतील बघ." लोक हसले. क्लॅरी चिडला, चार दिवस तिच्या वाटेला गेला नाही. मग पाचव्या दिवशी पोरांच्या मागे, शर्ट न काढता, मुकाट्यानं जाळीपाशी येऊन उभा राहिला. पुढं आखातात त्याची होडी उलटली तेव्हा तो पोहून किनाऱ्याला लागला. तेव्हापासून आपला प्रत्येक वाढदिवस तो विनीच्या घरी जाऊन साजरा करायचा.

गावाला रुग्णवाहिका मिळाली, पण ती चालवायला माणूस मिळेना. विनी पुढे आली. "बाई गाडी चालवणार?" असं कोणीतरी कुजकटपणे म्हणालं. "चालवणार नाही, पळवणार," विनी म्हणाली. मिठागरांच्या रस्त्यावर, गाडीच्या मागच्या भागात तिनं एक बाळंतपण केलं. त्या मुलीचं नाव विनिफ्रेड ठेवलं, आणि असलं म्हाताऱ्या बाईचं नाव का ठेवलं म्हणून ती मुलगी जन्मभर आईशी भांडत आली. आजाऱ्यांना आणि एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवणाचे डबे विनीनंच सुरू केले. दर नाताळाला ती नाटक बसवायची, त्यात खाटकाला राजकन्या करायची, आणि तो दाढी न करता यायचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची तो मात्र ऐकवत नसे. पाद्री म्हणायचे, देवाला सवय झालीये.

एवढं सगळं उघड्यावर जगलेली बाई. पण नोलाला एक गोष्ट पहिल्यापासून खटकायची. विनीच्या घरात आरसा नव्हता. न्हाणीघरात नाही, कपाटाला नाही, कुठंच नाही. रुग्णवाहिकेतला आतला आरसासुद्धा ती छताकडे वळवून ठेवायची आणि बाहेरच्या आरशांवर गाडी हाकायची. दर गुरुवारी सकाळी ती नोलाकडे केस नीट करून घ्यायला यायची तेव्हा खुर्ची खिडकीकडे फिरवून, आरशाला पाठ करून बसायची.

"चेहरा बघायला तुम्ही आहात की सगळे," ती म्हणायची. "वाकडा झाला तर सांगा."

आणि कधीकधी, भर गर्दीत, बोलता बोलता ती थांबायची. मान किंचित कलती करायची, शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारावी तशी.

"काय गं?" नोला विचारायची.

"काही नाही. वारा."

वारा नसलेल्या दिवशीही ती तेच म्हणायची. नोला ऐकून सोडून द्यायची.

ती गेली तीही गुरुवारीच. नेहमीप्रमाणे येऊन खुर्चीत बसली, नोलानं गळ्याभोवती कापड बांधलं. मग विनी म्हणाली, "आज खुर्ची तिकडं फिरव."

"कुठं, आरशाकडं?" नोला हसली. "काय गं, म्हातारपणी कुणाच्या प्रेमात पडलीस की काय?"

"फिरव तर."

नोलानं खुर्ची फिरवली. विनी आरशात बघत राहिली. कात्री चालू होती, नोलाचं बोलणं चालू होतं, नवऱ्याच्या, रॉसच्या गुडघ्याचं काहीतरी. मधेच विनी म्हणाली, "आलीस का गं?"

उशिरा आलेल्या माणसाला दार उघडताना म्हणावं तशी म्हणाली. नोलाला वाटलं कोणी गिऱ्हाईक आलं. तिनं वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, माशा आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या पट्ट्यांचा पडदा हललासुद्धा नव्हता. ती परत वळली तोवर विनीची मान खाली गेली होती.

डॉक्टर म्हणाले हृदय. नोलानं ते शब्द कोणाला सांगितले नाहीत. नवऱ्यालाही नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं आरशावर चादर टाकली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, तडा गेलाय.

*

अॅडा रडली नाही. नोलाच्या स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली आणि चहाच्या कपाभोवती हात धरून म्हणाली, "मला वाटलंच होतं. तरी म्हटलं, जाऊन बघावं."

"तुम्हाला कळवलं कोणी?"

"कोणी नाही. तुम्हाला कसं सांगू? जन्मापासून मला शेजारच्या खोलीत कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. कपाट उघडतंय, खुर्ची सरकवतंय, असं. ती इकडं आल्यावरसुद्धा. आपण नाही का, घरात माणूस असलं की लक्ष देत नाही? तसं. मग एक दिवस मी भांडी घासत होते आणि ते थांबलं. घर एकदम रिकामं झालं. मी हात पुसले आणि तिकीट काढायला गेले."

दिवस कोणता होता, हे नोलाच्या अगदी ओठांवर आलं. तिनं विचारलं नाही.

विनीच्या घरात झोपायला अॅडा तयार होईना, म्हणून नोलानं तिला आपल्या मागच्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघी विनीच्या घरी गेल्या. अॅडा एकेका खोलीतून फिरली. न्हाणीघरात बेसिनवर भिंतीला नुसता खिळा होता, तिथं तिची नजर अडली.

"इथं आरसा होता?"

"आर्नल्ड होता तेव्हा असेल. मी तर कधी पाहिला नाही. साऱ्या घरात नाही."

अॅडा न्हाणीघरातल्या टबाच्या कडेवर बसली. खिळ्याकडे बघतच ती सांगू लागली.

तिघंही यायची होती. विनी, आर्नल्ड आणि अॅडा. कागद झाले, ट्रंका भरल्या. शेवटच्या तपासणीत अॅडाच्या फुप्फुसावर क्षयाचा डाग निघाला. असल्या माणसाला जहाजावर घेत नसत. अॅडाला वाटलं विनी थांबेल. विनीला वाटलं अॅडाच म्हणेल, जा. दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. निरोपाला अॅडा धक्क्यावर गेली. त्या काळी जहाजावरची माणसं रंगीत कागदी फिती खाली फेकायची, खालच्या माणसानं टोक धरायचं, आणि जहाज निघालं की ताणून ताणून फीत आपोआप तुटायची. विनीनं पिवळी फीत फेकली. अॅडानं टोक धरलं.

"आणि तुटायच्या आधीच मी सोडून दिलं," अॅडा म्हणाली. "तिनं पाहिलं. मी तोंड फिरवलं. दोन वर्षांत बरी झाले मी. ती दर नाताळाला लिहायची, ये म्हणून. मी उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ. मग इतकी वर्षं गेली की काय लिहिणार?"

"तिनं इथं सांगितलं, तिकडं माझं कोणी नाही."

"खरं तेच सांगितलं तिनं." अॅडानं पुन्हा खिळ्याकडे पाहिलं. "तिला आरशात मी दिसत असेन."

"आणि तुला?" नोलाच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निघालं.

"मला ती दिसायची. मी मुद्दाम बघायचे. रोज."

*

गावाला काय करावं सुचेना. बेकरीवालीनं न विचारता विनीचा नेहमीचा पाव कागदात गुंडाळून अॅडाच्या हातात दिला आणि मग हुंदका देत आत पळाली. काहीजण तिला लांबून पाहून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. म्हाताऱ्या बायका मात्र जवळ येऊन तिचा हात धरायच्या, दाबून बघायच्या. एक चिमुरडी जेटीवरून धावत आली, "विनआंटी!" म्हणत तिच्या कमरेला बिलगली. तिच्या आईनं तिला ओढून नेलं तेव्हा पोर ओरडत होती, "पण ती आहे ना! ती आहे ना तिथं!"

"मी रस्त्यानं चालते," अॅडा त्या संध्याकाळी म्हणाली, "तेव्हा मला वाटतं मी मेलेय, सगळ्यांना ते माहितीये, आणि मलाच कोणी सांगितलेलं नाही."

नोलानं खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण तिला रोज सकाळी स्वयंपाकघरात ते डोकं दिसत होतं. टोस्टवर लोणी थापायची तीच पद्धत, कडेपर्यंत. नोला मुद्दाम पाठीमागे उभी राहायची, कारण पाठीमागून फरक अजिबात कळत नसे.

अशात इस्पितळाच्या मागच्या वृद्धाश्रमातून निरोप आला. क्लॅरी बोआस तिथं होता. त्याचं डोकं आता कधी जागेवर असे, कधी नसे. विनी गेल्याचं त्याला सांगितलं होतं, पण ते त्याच्या डोक्यात टिकत नव्हतं. दुपारी डबा घेऊन ती येत नाही म्हणून त्यानं खाणंच सोडलं होतं.

"तू फक्त जाऊन बस," नोला म्हणाली. "बोलायचंही नाही."

"मी विनी नाहीये."

"मला माहितीये. पण तो उपाशी मरतोय गं."

अॅडा गेली. नोला दाराशी उभी राहिली. क्लॅरीनं भिंतीकडचं तोंड वळवलं, अॅडाला पाहिलं आणि म्हणाला, "उशीर केलास."

"हो," अॅडा म्हणाली. "झाला खरा उशीर."

तिनं सूप भरवलं, त्यानं घेतलं. वाडगं संपत आलं तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं. "एक विचारू का? खूप वर्षं विचारायचं राहिलं. तू मला तरंगायला शिकवत होतीस, तेव्हा डावीकडं बघून कोणाशी बोलायचीस?"

अॅडाचा चमचा थांबला. "काय बोलायचे मी?"

"एकदा मी ऐकलं. तू म्हणालीस, 'बघ, हा भित्रासुद्धा आला पाण्यात. तू तेवढी आली नाहीस.'" क्लॅरी हसला, मग गंभीर झाला. "मी कोणाला सांगितलं नाही हं. लोक वेडी म्हणाले असते तुला."

बाहेर येऊन अॅडा गाडीत बसली. नोलानं गाडी सुरू केली नाही. बाहेर पाइनच्या झाडांत गुलाबी पोपटांचा थवा भांडत होता. ते उडून गेले तरी दोघी तशाच बसून होत्या.

*

क्लॅरी जेवू लागला आणि नोलाची भीड चेपली. तिनं आधी विनीचा निळा स्वेटर अॅडाला दिला, संध्याकाळी गार वारा सुटतो म्हणून. मग विनीची उन्हाची टोपी. गुरुवारी सकाळी चहा घेताना म्हणाली, "तुझे केस बघ कसे झालेत. ये, टोकं नीट करते."

नोलाचा नवरा रॉस पेपर वाचत होता. अॅडा हात धुवायला गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "नोला, तू त्या बाईचं काय करतेयस, कळतंय ना तुला?"

"केस कापतेय. काय करतेय?"

"बरं बाई," रॉस म्हणाला आणि पेपर वर धरला.

अॅडाचे केस लांब होते, मागे अंबाडा आणि उजवीकडे भांग. आरशावर चादर होती. नोला टोकं कापू लागली, पण कात्रीला वाट पाठ होती. तीस वर्षांच्या गुरुवारांची वाट. कानाच्या वर आखूड, मानेवर निमुळते, भांग डावीकडे. करडे केस फरशीवर पडत राहिले आणि नोला बोलत राहिली, रॉसच्या गुडघ्याबद्दल, बेकरीवालीच्या जावयाबद्दल. अॅडा काही बोलत नव्हती. विनीही कापताना बोलत नसे. शेवटी नोला खुर्चीपुढे आली, आणि दोन पावलं मागे सरली.

"हां," ती म्हणाली. "आता कशी दिसतेस, विन!"

अॅडा उठली. शांतपणे आरशाकडे गेली आणि चादर ओढून खाली टाकली.

आरशाला तडा नव्हता. त्यात निळ्या स्वेटरमधली विनी गार्साइड उभी होती, आणि तिच्यामागे हातात कात्री घेतलेली नोला. अॅडानं हात वर केला आणि केस नव्हते तिथं मानेला लावला.

"हे माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी?"

नोलानं कात्री खाली ठेवली.

"मी पृथ्वी ओलांडून तिला बघायला आले," अॅडा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच नोलाला जास्त लागलं. "ती भेटली नाही. आता तू मलाही नाहीशी करतेयस. मग इथं आलंय कोण? एक आगगाडी, एक विमान, एक बस, आणि उतरलं कोण?"

नोला खाली बसली, कापलेल्या केसांतच. आणि तिथं बसूनच तिनं सगळं सांगून टाकलं. विनीनं खुर्ची फिरवायला लावली ते. ती आरशात बघत राहिली ते. आणि ते शब्द.

"'आलीस का गं' म्हणाली?"

"हो. मला वाटलं दारात कोणी आलं."

"कशी म्हणाली? रागानं?"

"नाही गं. रागानं नाही." नोला शब्द शोधत राहिली. "केव्हाची वाट बघत होती आणि आता बरं वाटलं, अशी."

अॅडा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. या गावात आल्यापासून ती रडली नव्हती. आता रडली ती दुपार होईपर्यंत. मधे दोन गिऱ्हाइकं आली, पडदा बाजूला करून त्यांनी आत पाहिलं आणि पाऊल न वाजवता परत गेली.

"तो दिवस कोणता होता, सांगू का?" नोलानं शेवटी विचारलं.

"नको," अॅडा म्हणाली. "जुळला नाही तर काय करू? आणि जुळला तर?"

*

दुसऱ्या दिवशी अॅडानं स्वेटर धुवून, घडी करून नोलाच्या पलंगावर ठेवला. डोक्याला रुमाल बांधून ती एकटी क्लॅरीकडे गेली आणि बसायच्या आधीच तिनं सांगितलं, "मी विनी नाही. विनी गेली. मी तिची बहीण, अॅडा."

क्लॅरीनं तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे पाण्यात ती जिच्याशी बोलायची ती तू?"

"हो."

"मग बस की. सूप गार होतंय."

तो पुढच्या हिवाळ्यात गेला, तोवर ती रोज दुपारी जात राहिली. कधी तो तिला अॅडा म्हणायचा, कधी विन. अॅडा दर वेळी दुरुस्त करायची. त्यालाही ते आवडायचं बहुतेक.

परतीचं तिकीट तिनं वापरलंच नाही. विनीच्या घरात राहायला गेली, अॅडलेडहून एक आरसा मागवला आणि न्हाणीघरातल्या त्या खिळ्याला लावला. गावाला वाटलं, आता हळूहळू ही विनीची कामं उचलेल. कोणी डब्यांबद्दल विचारून गेलं, कोणी नाटकाबद्दल. अॅडा सरळ नाही म्हणायची. ती पाण्यात उतरली नाही. गाडी शिकली नाही. गावच्या कुठल्या समितीत बसली नाही. केस पुन्हा वाढवले, अंबाडा घातला, आणि दिवसभर पडवीत बसून ऊन सरकताना बघायची. पोरं कुंपणापाशी दंगा करू लागली की हाकलायची.

"एकीनं सगळं करून ठेवलं," ती नोलाला म्हणायची. "दुसरीनं कशाला पुन्हा?"

विनीवर गावाचा जीव होता, तसा अॅडावर कधी जडला नाही. पण सवय झाली. लहान पोरांना तर ती फक्त पडवीतली खडूस म्हातारी होती, तिच्यात दुसरं कोणी त्यांना दिसत नव्हतं. नोलाशी तिचं जमलं, अगदी विनीशी जमायचं तसं नाही, वेगळंच. दोघी संध्याकाळी खेकडे फोडत बसायच्या. अॅडा फार बोलत नसे. बोलता बोलता मान कलती करून थांबली असं तर कधीच झालं नाही. नोलानं एकदा विचारलंच, "आता ऐकू येतं का गं, शेजारच्या खोलीत?"

"नाही," अॅडा म्हणाली. मग खेकड्याची नांगी फोडत म्हणाली, "मी वाट बघते."

नऊ वर्षांनी, एका पावसाळी सकाळी, अॅडा झोपेतच गेली. तिला माती द्यायला गावातलं कोणी फारसं येईल असं नोलाला वाटलं नव्हतं. पण चर्च भरलं, बाहेरच्या पायऱ्याही भरल्या. विनीच्या वेळी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं ते धिप्पाड गडी टोपी तोंडावर धरून हमसत होते. डग तर बस रस्त्यात उभी करून आला. कोण कोणासाठी रडत होतं हे विचारायची सोय नव्हती, आणि विचारलंही नाही कोणी.

नोला आता म्हातारी झाली आहे. सलून अजून चालू आहे, आठवड्यातून तीन सकाळी. मध्यंतरी मिठागरांच्या रस्त्यावर जन्मलेली ती विनिफ्रेड केस कापायला आली. तिची स्वतःची मुलगी आता शाळेत जाते आणि शाळेत गावातल्या जुन्या माणसांबद्दल काहीतरी लिहायचं होतं.

"नोला, माझ्याकडे तिचा एकही धड फोटो नाही," ती म्हणाली. "गावाचे सगळे फोटो तीच काढायची. सांग ना, विनआंटी दिसायची कशी? मला नीट आठवत नाही."

नोलानं तोंड उघडलं. सदुसष्टाव्या वर्षी गेलेली विनी तिला सांगायची होती, आखूड केसांची, उन्हानं रापलेली. पण डोळ्यांपुढे आली ती पडवीत बसलेली, पंचाहत्तरीची, अंबाडा घातलेली बाई. नोलानं डोळे मिटले, पुन्हा शोधलं. आवाज सापडला, ओरडणं सापडलं, टोस्टवर लोणी थापणारा हात सापडला, आणि तोही कोणाचा होता ते सांगता आलं नसतं. चेहरा एकच उरला होता.

"काय झालं?" विनिफ्रेडनं आरशातून विचारलं.

"काही नाही गं," नोला म्हणाली. "अॅडासारखी दिसायची. अगदी अॅडासारखी."

आणि विनिफ्रेडच्या डोळ्यांवर आलेले ओले केस बाजूला करून तिनं कात्री पुन्हा हातात घेतली.